सरजाबाईचा आकडा

सुरुंगाची वात पेटवणाऱ्यानं बार मोजू नयेत. पेटवून जीव मुठीत धरून वर पळालेल्या माणसाच्या छातीतच इतके बार उडत असतात, की आतला कुठला आणि बाहेरचा कुठला हे त्याचं त्याला कळत नाही. ही अक्कल सितारामला फुकट आलेली नव्हती. येलदरीच्या धरणावर पहार मारता मारता तो सुरुंगाचं काम शिकला. पुढं बोरीच्या शिवारात विहिरी फोडायला लागला तेव्हा पहिल्याच विहिरीत त्यानं एक बार जास्तीचा मोजला, बिनघोर खाली उतरला आणि न उडालेल्या बाराच्या शेजारी पहार घातली. डाव्या हाताची दोन बोटं गेली, जीव राहिला. त्या दिवसापासून मोजायचं काम त्याच्या बायकोकडं, सरजाबाईकडं आलं, ते कायमचं.

काम ऐकायला सोपं आहे. विहिरीच्या तळाला खडकात भोकं पाडायची. प्रत्येक भोकात जिलेटीनच्या कांड्या, त्या उडवणारी टोपी आणि वात घालून वरून माती ठासायची. प्रत्येक वात आधीच्या वातीपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. जितकी भोकं तितके आवाज झाले तर खाली उतरायचं. एखादा कमी पडला तर दगडाखाली यम दडून बसलाय असं समजायचं आणि घरी जायचं.

सरजाबाई विहिरीपासून लांब, एखाद्या बांधाच्या आडोशाला भुईवर फतकल मारून बसायची. डाव्या मुठीत भोकं असतील तितके खडे आणि उजवा तळवा भुईला टेकवलेला. बार उडाला की आधी तळव्याला हिसका बसायचा, मागोमाग कानाला आवाज. दोन्ही झालं की एक खडा ओटीत. "कान भुलतंय, भुई न्हाई भुलत," असं ती म्हणायची. मोजणीच्या वेळी कुणी नुसतं खाकरलं तरी डोळे वटारायची. एका मालकानं एकदा मध्येच "किती झाले गं?" म्हणून विचारलं, तर सगळे बार संपेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग तिनं त्याची अशी काही हजेरी घेतली, की यारीच्या चाकावर विहिरीतले दगड वर ओढणारे गडी तोंड फिरवून हसत राहिले.

आणि सिताराम? हा माणूस बायकोचं दुसरं काहीच ऐकत नसे. तंबाखू सोडा म्हटलं की याच्या कानात लगेच दडे बसत. लेक पूर्णेला दिली होती, जावई रेल्वेत खलाशी होता. चला, पोरीला भेटून येऊ म्हटलं की याची विहीर नेमकी त्याच आठवड्यात पाण्याला लागायची. पण बार उडाल्यावर काठावर उभा राहून तो "किती?" एवढंच विचारायचा. तिनं आकडा सांगितला की पुढं एक शब्द न बोलता खाली उतरायचा आणि पहिला घाव घालायचा. त्या दोघांच्या संसारात भांड्याला भांडं रोज लागायचं, पण आकड्यावरून कधी वाद झाला नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दत्तरावाची विहीर चालू होती. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळानं साऱ्या शिवाराला धडा दिला होता, आणि ज्याची बैलजोडी त्या साली टिकली तो प्रत्येक जण आता विहीर खणायला निघाला होता. दत्तराव माणूस वाईट नव्हता, पण धीर हा प्रकार त्याच्या घरात कधी शिरलाच नव्हता. विहीर चांगली खोल गेली होती, तळाच्या काळ्या पाषाणातून एका अंगाला ओल दिसत होती, आणि तो दिवसातून दहा वेळा काठावर येऊन विचारायचा, "लागलं का पानी?" आज सहा बारांची भोकं पाडून झाली होती. पाणी लागलं तर याच सहांत लागेल, असं सिताराम सकाळीच बोलून गेला होता. म्हणून दत्तरावाची म्हातारी आई, सुलाबाई, स्वतः शेतात आली होती.

सरजाबाई नेहमीसारखी बांधाकडं निघाली. त्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजला होता. बसताना आणि उठताना ती ओठ दाबून धरायची. सुलाबाईनं ते पाहिलं.

"सरजे, भुईवर कामून बसायलीस? ही घे बाज. बस वर."

बांधावर आंब्याखाली दत्तरावाची बाज होती. सरजाबाई थबकली. अठरा वर्षांपूर्वी तिच्या माणसांनी बुद्धाची दीक्षा घेतली, त्याच्या आधीचे दिवस तिला चांगले आठवत होते. याच शिवारात, याच सुलाबाईनं तिच्या ओंजळीत वरून पाण्याची धार धरलेली होती, आणि ती धार ओंजळीच्या बाहेर सांडली तर म्हातारी चार पावलं मागं सरत असे. आज तीच म्हातारी बाजेवरची धूळ पदरानं झटकत होती.

"र्‍हाऊ द्या काकी. मला भुईच बरी."

"आता घ्या! मी म्हनते तरी?"

यारीवरचे गडी बघत होते. सितारामही बघत होता. जिलेटीनची पिशवी खांद्याला अडकवून तो विहिरीत उतरायच्या बेतात होता. त्याच्या चेहऱ्यावर एक निराळंच हसू आलं.

"बस की गं. इज्जत देयलेत तर घ्यावी."

सरजाबाई बाजेवर बसली. तिला बरं वाटलं, आणि का वाटू नये? पाय लोंबकळत होते, गुडघ्याची ठणक थांबली होती, साऱ्या गड्यांदेखत ती दत्तरावाच्या बाजेवर बसली होती. उजवा हात भुईला पुरत नव्हता, तो तिनं मांडीवर ठेवला. एक दिवस चालेल, असं तिनं मनाशी म्हटलं. इतक्या वर्षांचे कान आहेत.

"हुश्शार! बार हाय बार!" सितारामची आरोळी आली. कडेला खोदलेल्या खोबण्यांत पाय रोवत, दोर धरत तो वर आला आणि वाकून पळत बांधाआड गेला.

पहिला बार उडाला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा आला तो असा काही आला, की बाभळीतली पाखरं एकदम उठली, सुलाबाईच्या हातातला तांब्या हिंदकळला आणि बैलांनी माना वर टाकल्या. मग पाचवा. मग सहावा, दोन्ही आपापल्या वेळेला. सरजाबाईच्या ओटीत सहा खडे पडले.

"चौथा लय मोठा उडाला!" दत्तराव खुशीत ओरडला. "झरा फुटला आसंल, झरा!"

सितारामनं लांबूनच विचारलं, "किती?"

"सहा."

धूर निवेपर्यंत सगळ्यांनी भाकरी सोडली. सुलाबाईनं सगळ्यांना ठेचा वाढला. सरजाबाईचा घास मात्र तोंडात फिरत राहिला. चौथा बार तिच्या मनातून जाईना. तो जरा लवकर आला होता. तिसऱ्या आणि चौथ्या वातीत जेवढं अंतर ठेवलेलं असतं तेवढं त्यानं पाळलं नव्हतं. आणि दोन पावलं एकावर एक पडावीत तसा त्याचा आवाज होता. पण सहा ते सहा. आता उठून "मला शंका हाय" म्हणावं, तर यारीवरचे गडी काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं. म्हणतील, बाजेवर बसायला मिळालं आणि बाईचं डोकं फिरलं. तिनं घास गिळला आणि गप्प बसली. हे गप्प बसणं तिला पुढं जन्मभर बोचलं.

धूर विरळ झाल्यावर सिताराम खाली उतरला. पहिल्यांदा तो एकटाच जायचा. सैल झालेल्या कपारी पहारीनं पाडून जागा निर्धोक करायची आणि मग गड्यांना बोलवायचं, ही त्याची पद्धत. थोड्या वेळानं विहिरीतून पहारीचा आवाज यायला लागला. खण्. खण्. खण्.

तेवढ्यात बोरीच्या वाटेनं एक सायकल धूळ उडवत आली. हा पंडित, सरजाबाईच्या बहिणीचा मुलगा. बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. अंगात पांढरा शर्ट, घामानं पाठ भिजलेली, आणि तोंडावर असा आनंद जणू याला मुलगाच झाला.

"जयभीम मावशी! दत्तराव काका, तुमच्याशी भांडायला आलोय मी."

"ये बाबा, तूच र्‍हायला व्हता," दत्तराव म्हणाला.

"आमच्या शाळेची काच तडकली. हेडमास्तर म्हनतेत, दत्तरावाच्या बारानं तडकली, जाऊन सांग त्यांना. मी म्हनलं, सर, त्यांचे बार रोजच उडतेत अन् इथं नुसतं धप्प वाजतंय. आज जे वाजलं ते आभाळातून वाजलं. समद्या खिडक्या एकदम हादरल्या. ते इमान व्हतं, लढाऊ इमान."

दत्तरावानं आभाळाकडं बघितलं. आभाळ स्वच्छ, रखरखीत होतं. "कुठं हाय इमान? आमाला तर न्हाई दिसलं."

"दिसनारच न्हाई काका. आवाज आपल्यापोतर येस्तोवर ते कोसन्‌कोस पुढं गेलेलं आसतंय. आवाजापेक्षा जोरात पळतंय ते."

"आवाजापेक्षा जोरात?" दत्तराव हसला. "मंग चालवनाऱ्यानं शिवी दिली तर ती मागच्या गावात ऐकू येत आसंल."

गडी हसले. पंडितला ती थट्टाही गोड लागली. मुलांपुढं फळ्यावर काढतो तसं त्यानं काटकीनं मातीत काढायला सुरुवात केली. "माख नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले, लांबच्या देशातले. इमानाचा येग आवाजाच्या येगाइतका झाला की त्याला माख एक म्हनायचं. दुप्पट झाला की माख दोन. माख एकच्या पुढं गेलं की इमानाचा आवाज त्याच्या मागं असा सुळक्यासारखा पसरत जातो. त्याला बी माखचाच शंकू म्हनतेत. तो शंकू ज्याच्या डोक्यावरून गेला, त्याला एक धडाका ऐकू येनार."

"त्या मानसाचं नाव येगाला दिलं?" सुलाबाईनं विचारलं. "मरून गेला तरी?"

"नाव हाय की अजून."

"आपल्याकडं इहिरीला बी खननाऱ्याचं नाव देत न्हाईत," यारीवरचा भुजंग म्हणाला. "मालकाचं देतेत." दत्तरावानं त्याच्याकडं रोखून बघितलं तसा तो दोर सारखा करायला लागला.

"खरं तर धडाके दोन आसतेत," पंडित आपल्याच नादात होता. "इमानाच्या नाकाचा एक अन् शेपटीचा एक. पन इतके लागून येतेत की एकच वाटावा."

सरजाबाईच्या हातातली भाकरी खाली पडली.

"पंडित, हे वाजलं कवा?"

"तुमचे बार चालू व्हते की मावशी. मधीच."

"मधी म्हंजी कितव्याला? आमचे किती वाजले?"

"ते म्या कुठं मोजले? खिडक्या वाजल्यावर पोरं बाकाखाली घुसली, मी त्यांनाच..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. सहा आवाज झाले होते आणि त्यातला एक आभाळाचा होता. म्हणजे विहिरीत पाचच उडाले. आणि विहिरीतून आवाज येतच होता. खण्. खण्.

गुडघ्याचं भान तिला राहिलं नाही. ती काठाकडं धावली.

"अवो! थांबा! हात थांबवा!"

खोल विहिरीत वरची हाक नुसती घुमते. खण्. खण्. भुजंगनं दोर जोरात हलवला. तेव्हा कुठं पहार थांबली आणि सितारामनं मान वर केली. वरून त्याचा चेहरा भाकरीएवढा दिसत होता.

"काय गं? पानी पाठवायलीस का?"

"वर या."

"येतो की. येवढी कपार पाडतो अन् येतो."

"आत्ता या! एक बार खाली हाय!"

मग खालून त्याचं हसणं आलं. "सहा म्हनलीस ना तू? अन् आज तर मी बी मोजले. सहाच झाले."

पंडित काठावर ओणवा झाला. "काका, त्यातला एक इमानाचा व्हता! माख म्हनून एक..."

"कोन माख? त्यानं इहीर फोडली का कदी?"

त्यानं पहार पुन्हा हातात घेतली. सरजाबाईनं दत्तरावाकडं पाहिलं. त्यानं दोन्ही हात पसरले. "सरजाबाई, उगं मानसाला घाबरं करू नका. इमान कुनी बघितलं न्हाई. सहा आवाज तर समद्यांनी ऐकले."

तो खोटं बोलत नव्हता. सगळ्यांनी सहा ऐकले होते. तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. होती ती एका माणसाची गोष्ट, ज्याला कुणी पाहिलं नाही, आणि एक विमान, तेही कुणी पाहिलं नाही. खाली असलेला माणूस तिच्या आकड्याशिवाय दुसऱ्या कशावरही विश्वास ठेवत नव्हता, आणि आकडा तिनं देऊन टाकला होता. तोच आता त्याचा जीव घेणार होता.

"माख खरा का खोटा, मला ठाव न्हाई!" ती ओरडली. "इमानाचं बी ठाव न्हाई! बाजेवर बसून मोजलं म्या. भुईला हात नव्हता माझा. माझा आकडा चुकला! आयकायलाव का? आकडा चुकला माझा!"

इतक्या वर्षांत हे वाक्य कुणीच ऐकलं नव्हतं, आणि सितारामनं तर नाहीच. त्यानं वर उचललेली पहार हळूच खाली आणली आणि आवाज न करता भिंतीला टेकवून ठेवली. मग खोबण्यांत पाय रोवत तो वर आला.

तो तिच्यावर ओरडेल असं गड्यांना वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "कितवा?"

"चौथा."

सिताराम तिथंच खाली बसला. चौथी वात कुठल्या भोकात होती हे त्याला पाठ होतं. तो जी कपार पाडत होता, तिच्या बुडाशीच ते भोक होतं. त्यानं कमरेची तंबाखूची पिशवी काढली, चिमूट तळहातावर घेतली, आणि न मळताच परत पिशवीत टाकली. दत्तरावाचं तोंड उतरलं होतं.

"माज्या बाजंनं घात केला गं बाई," सुलाबाई म्हणाली.

"बाजंचा काय दोस काकी? बसले मी."

भुजंग अजून विहिरीत बघत होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पानी येयलंय."

तासाभरापूर्वी या दोन शब्दांवर दत्तरावानं गूळ वाटला असता. आता तो काठावरून वाकून खाली बघायला लागला. एका अंगाच्या चिरेतून पाणी झिरपत होतं आणि दगडांमधल्या फटी भरत होतं. तळ झाकला गेला की तो बार पाण्याखाली, गाळाखाली जाणार. मग तो कुणालाच सापडणार नव्हता, गाळ काढायला उतरलेल्या एखाद्या माणसाची पहार सोडून.

"सोडून देऊ ही इहीर," दत्तराव म्हणाला. त्याच्या तोंडून हे येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. "दुसरीकडं खनू."

"पान्याची इहीर कुनी सोडतंय का मालक?" सिताराम उठला. "आज तुमी सोडताल, पुढच्या साली तुमचाच गडी उतरंल. तो आजच उडवावा लागतोय."

तो पुन्हा उतरला, या वेळी पहार न घेता. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवत होता. सरजाबाई काठावर पालथी पडून बघत होती. शेवटी त्यानं हात थांबवला आणि बोट दाखवलं. अर्ध्यात विझलेली वात दगडांतून वर आली होती. त्याच भोकाला लागून त्यानं नव्या कांड्या ठेवल्या, नवी वात लावली आणि चिखल दाबला. नवा बार उडाला की त्याच्या धक्क्यानं जुनाही उडावा, असा त्याचा हिशेब. मग वात पेटवून तो वर आला.

"हुश्शार! बार हाय!"

सरजाबाई बांधाआड भुईवर बसली होती. उजवा तळवा मातीत रुतवलेला. तळव्याला हिसका बसला, कानाला आवाज आला. दगड वर उडून काठावर पडले. मग सगळं शांत झालं आणि गडी, दत्तराव, पंडित, सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"किती?" सितारामनं विचारलं.

"एक."

ती म्हणाली खरी, पण त्या आकड्यावर तिचाच विश्वास बसेना. एकच. नव्याबरोबर जुना उडाला असला तर दोघांचा मिळून एकच आवाज होणार. जुना उडाला नसला तरीही एकच होणार. भुई बरोबर होती आणि कानही बरोबर होता, तरी खाली काय आहे ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. तिनं पंडितकडं पाहिलं. हे त्याच्याही पुस्तकात नव्हतं.

धूर वर येऊन विरायला लागला. सिताराम कमरेला दोर बांधू लागला.

"थांबा," सरजाबाई म्हणाली. "आवाज एक झाला. त्यावरून खालचं काय कळत न्हाई. मी बघून येते."

"येडी का काय? तुझा गुडघा..."

"गुडघा माझा हाय."

"बार माझा हाय गं!"

"आकडा माझा हाय," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून दोर काढून घेतला.

तिनं लुगडं वर खोचलं. इतकी वर्षं विहिरींच्या काठावर काढली होती, पण आत उतरायची ही पहिलीच वेळ. दर खोबणीला गुडघा कळ मारायचा. खाली गरमी होती, घशाला झोंबणारा वास होता, आणि पाणी घोट्याच्या वर आलेलं होतं. पाय टाकायला तिची हिंमत होईना. ती वाकून दगड चाचपत, एकेक बाजूला करत कपारीकडं सरकली. एखादा दगड जागचा हलला की ती डोळे मिटून घ्यायची. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, तो तिनं बाजूला सारला.

कपारीच्या बुडाशी खडक उभा चिरला होता. फुटलेल्या अंगावर पहारीनं पाडलेल्या भोकाची अर्धी नळी उघडी पडली होती. सरजाबाईनं तीत बोट घातलं आणि वरपासून बुडापर्यंत फिरवलं. बोट काळं झालं. आत माती नव्हती, कांडी नव्हती, काहीच नव्हतं. जुना बारही उडाला होता. ती भिंतीला टेकून तशीच पाण्यात बसली आणि तिला जे रडू आलं ते आवरेना.

मग पदरानं तोंड पुसून तिनं हाक मारायला मान वर केली, तर सिताराम अर्ध्या विहिरीत आलेला. दोर तिच्यापाशी, म्हणून नुसत्या खोबण्या धरून, धडपडत, घामाघूम होऊन तो उतरत होता.

"कुनाला इचारून उतरला?" ती कडाडली. "आकडा दिला का म्या? खाली बार आसता म्हंजी?"

शेवटच्या खोबणीवरून तो पाण्यात उतरला. भोकाकडं त्यानं बघितलंच नाही.

"वर बसून आयकत र्‍हानं लय वंगाळ हाय गं," तो म्हणाला. "येवढी वर्सं तू कशी बसलीस?"